बहिरी ती बहिरीच

३ मार्च

धाकटे,

या घरात जन्मलेल्या मुलींना उद्देशून हे लिहिते आहे, म्हणजे तुला आणि मला. आपली तक्रार एकच आहे आणि ती लहानपणापासूनची आहे: आपलं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. बाबा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे, आणि आपण तोंड उघडलं की पान उलटायचे. तू त्यावर गप्प बसायला शिकलीस. मी आवाज चढवायला शिकले. पुढं वर्गात, सभांत, मोर्चांत त्याच आवाजावर माझं आयुष्य गेलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तू ब विंगमध्ये, मी अ विंगमध्ये, दोघी सगळ्यात वरच्या मजल्यावर. मधली फट एवढी अरुंद की आपल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून एकमेकींना मीठ देता यावं. तरी मी वॉचमनच्या हाती पत्र पाठवते आहे. हसायचं तर हस. फोनवर हल्ली नुसती खरखर येते. कंपनीकडे तक्रार केली, तर तिथला माणूस तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि त्यानं फोन ठेवला. माझ्या दाराची बेलही बिघडली आहे. आलीस तर दार चांगलं दणादण वाजव.

सभेपासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. तेव्हा सभेचंच बोलू.

चेअरमननी ठराव मांडला की माझ्या स्वयंपाकघराखालच्या सज्ज्यावर जे ससाण्याचं जोडपं आलं आहे, त्याला हुसकावून लावावं. कबुतरांची पिसं पडतात, घाण होते, मुलं घाबरतात. मी उभी राहिले. मी सांगितलं की हा बहिरी ससाणा आहे, कड्यांवर राहणारा पक्षी. आपण त्याच्या कड्यांच्या खाणी केल्या, म्हणून तो आता आपल्या इमारतीलाच कडा समजून आला आहे. तो आपल्याकडे काही मागत नाही, हातभर सज्जा सोडून. पिसांचं म्हणाल तर चेअरमनसाहेब, तुमच्या भाषणांतून याहून जास्त उडतात. सभा हसली. ठराव पडला.

आणि मग तू उठलीस. शेवटच्या रांगेत, जन्मात पहिल्यांदा सभेत उठलीस, आणि म्हणालीस काय? "ताई, तुझ्या बहिरीपायी घर गेलं माझं."

घर! धाकटे, कुठं गेलं घर? तुझ्या पायाखाली आहे की! बाबांनी दोन घरं दोघींना दिली. मला मोठं मिळालं हे खरं. पण त्यांचं शेवटचं आजारपण माझ्याकडे झालं हेही खरं, आणि तुझ्या घराला ऊन आहे, मोठी गच्ची आहे. हे सगळं मी तिथंच चार लोकांसमोर बोलले. स्पष्ट बोलले, कारण आरोप चार लोकांसमोर झाला होता. माझं बोलून झालं तेव्हा सभागृह चिडीचूप होतं. तू पदर सावरून निघून गेलीस.

माझ्या मनात काही नाही. एवढंच सांगते की तू रोज सकाळी गच्चीवरून घारींना मांसाचे तुकडे टाकतेस ते बंद कर. बहिरीनं सज्जा धरला आहे. ती आता घारींना या आभाळात टिकू देणार नाही, आणि तू मात्र त्यांना रोज आमंत्रण देतेस. तुझी ती लंगडी घारही हल्ली दिसत नाही. शहाणी ती, आपण होऊन दुसरीकडे गेली असेल.

तुझी,
ताई


१९ मार्च

धाकटे,

माझंच पत्र उलट पाठवलंस आणि खाली एक ओळ लिहिलीस: "बहिरी ती बहिरीच." मी तीनदा वाचली. शब्दांच्या बाबतीत तू कंजूष, पण जे लिहितेस ते नेमकं. खरंच आहे, बहिरी ती बहिरीच. तिची सर कुणाला येणार? तुला एवढं कळलं याचा आनंद झाला. ओळ मी फ्रिजवर लावली आहे.

तिनं अंडी घातली आहेत. घरटं नाही, काडी नाही, कापूस नाही. सज्ज्यावर पूर्वी गळती थांबवायला टाकलेली बारीक खडी आहे, त्यातच छाती घासून एक खळगा केला आणि झालं. विटकरी रंगाची अंडी आहेत. नर तिच्यापेक्षा चांगलाच लहान. शिकार करून आणतो आणि आदबीनं लांब उभा राहतो. असा नवरा आपल्या दोघींपैकी एकीलाही मिळाला नाही, नाही का? तुझा गेला आणि मी शोधलाच नाही.

परवाचं युद्ध तू पाहिलंस का? पाहिलंच असशील, तुझ्याच गच्चीवर झालं. तू तुकडे टाकलेस, घारी गोल फिरायला लागल्या, त्यातली एक फिरत फिरत अ विंगच्या बाजूला आली. बहिरी अंड्यांवरून उठली ती सरळ वर गेली, इतकी वर की ठिपका झाली. मला वाटलं पळाली. मग पंख मिटून ती दगडासारखी खाली आली. घारीला कळलंसुद्धा नाही. पाठीवर मिटल्या पंजाचा एक तडाखा, आणि घारीचं एक पीस हवेत तसंच राहिलं, घार मात्र तिथं नव्हती. ती खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकली होती.

आणि हे सगळं निःशब्द! तेच मला थोर वाटतं. पुस्तकांत लिहितात की हे पक्षी घरट्यापाशी कर्कश ओरडतात. आमची जोडी तशी नाही. सुरुवातीला ओरडायची, आता एकदम संयमी झाली आहे. ज्याची बाजू खरी असते त्याला ओरडावं लागत नाही. (हे मी म्हणावं म्हणजे कमालच झाली, असं तू म्हणशील.)

डॉक्टरीणबाई चादरीबद्दल काही बोलल्या. त्याही हल्ली पुटपुटतात. या इमारतीत स्पष्ट बोलणारं माणूसच उरलं नाही.

तुकडे टाकणं बंद कर. ही विनंती नाही, सल्ला आहे.

ताई


२४ एप्रिल

धाकटे,

तीन पिल्लं! पांढरी, गुबगुबीत, रागीट. कापसाच्या गोळ्याला चोच लावून कुणीतरी त्याला जगावर चिडायला सांगितल्यासारखी. त्यांची आई मांसाचा एवढासा धागा काढते आणि मान तिरकी करून एकेकाच्या चोचीत घालते. जी चोच सगळ्यात जास्त उघडते तिला आधी मिळतं. आपल्या घरी मी जास्त उघडायची.

काल गरुड आला होता. कुठून कुठं चालला होता कोण जाणे, रुंद पंख पसरून, जणू सगळी इमारत त्याच्या नावावर आहे अशा थाटात. तुझ्या घारींनीही त्याला वाट करून दिली. पण बहिरीनं नाही दिली. आधी नर गेला, त्याच्या तोंडासमोरून तिरका. गरुडानं मान वळवली, तेवढ्यात वरून ती. मग पुन्हा नर, पुन्हा ती. गरुड एकदा हवेत उलटा झाला, पाय वर करून, पंजे दाखवून; पण त्याच्या डोळ्यांसमोर दोघंही नव्हती. दोन्ही वेळा मार मागून बसला. शेवटी त्यानं आपला थाट आवरला आणि नदीच्या दिशेनं निघून गेला. मी खिडकीत टाळ्या वाजवल्या. समोर तुझ्या खिडकीचा पडदा हलला. तूही बघत होतीस.

चेअरमन लिफ्टमध्ये भेटले. मला म्हणतात, "बाई, जरा मान राखा." मी तिथंच त्यांना सुनावलं: "मान मागून मिळत नाही, कमवावा लागतो. ठराव हरलात म्हणून मान गेला असेल तर तो तुमच्याकडे नव्हताच." ते हळूच आपल्या कानाला हात लावून तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले. त्यांचा मजला सातवा आहे. कान धरून गेला माणूस! अशा माणसाला नामोहरम करण्यात काय मजा असते, ते तुला कळायचं नाही.

तू अजून तुकडे टाकतेस. पूर्वी हसत टाकायचीस. हल्ली टाकतेस आणि लगेच मागं फिरतेस, वर बघतही नाहीस. का गं?

ताई


११ मे

धाकटे,

तुझी लेक येऊन गेली. तू पाठवलीस की ती आपण होऊन आली, हे मी विचारलं नाही.

चहा टाकला आणि तिला म्हटलं, चल, पिल्लं दाखवते. आता त्यांच्या पांढऱ्या कापसातून तपकिरी पिसं फुटली आहेत, सज्ज्याच्या कडेला उभी राहून पंख झाडतात. आम्ही खिडकी उघडली आणि तुझ्या लेकीनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"काय झालं गं?"

ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, "तोंडावरचा हात काढून बोल." तिचे हात तोंडावर नव्हतेच, कानांवर होते. तिनं खिडकी लावली, मला खुर्चीत बसवलं, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मावशी, ती केवढ्यानं ओरडतेय! कानठळ्या बसतात. तुला काहीच येत नाही ऐकू?"

"ती ओरडत नाही. ती संयमी आहे."

"मावशी!" पोरगी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, सगळी इमारत त्या आवाजानं हैराण झालीय. चेअरमनकाका तुला लिफ्टमध्ये म्हणाले, जरा कान दाखवा. कान! डॉक्टरला! तू त्यांना मानावर भाषण दिलंस."

म्हणून तो माणूस कानाला हात लावत होता. मी मोठ्यानं हसले, काय करणार? मग पोरगी हसायची थांबली आणि मला कळलं की पुढचं हसण्यासारखं नाही.

"आणि आई सभेत 'घर' नव्हती म्हणाली. ती म्हणाली, घार गेली माझी."

धाकटे, मी चहा गाळायला उठले. तुझी लेक सांगेल तुला, तिला वाटलं हेही ऐकू आलं नाही. तिनं परत सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. घार. गेली. माझी.

तुझी लंगडी. आपल्या दोन विंगांच्या मधल्या फटीत पाइपामागं पडलेलं पिल्लू तू केवळ आवाजावरून शोधलं होतंस. न्हाणीघरात ठेवलंस. चिमट्यानं भरवलंस. तिला उडता आलं त्या दिवशी तू मला फोन करून सांगितलंस आणि तो बोलता बोलता बाजूला ठेवून रडलीस. तेव्हा फोनवर ऐकू येत होतं. ती इतक्या वर्षांनीही तुझ्याच हातचं खायला यायची. आणि माझ्या बहिरीनं तिला तुझ्यासमोर पाडली, तेही तुझ्या लेकीनंच सांगितलं. तू भरल्या सभेत पहिल्यांदा उठून तेवढंच सांगितलंस, आणि मी तुला बाबांच्या वाटणीवर व्याख्यान दिलं. लोक चिडीचूप का झाले होते ते आता कळलं. मला वाटलं होतं, माझं बोलणं भिडलं.

फ्रिजवरची तुझी ओळही मी पुन्हा वाचली. बहिरी ती बहिरीच. वा! या भाषेनं त्या पक्ष्याला आणि मला एकच शब्द दिला आहे आणि ते तुला माझ्या आधी सुचलं. भाषा शिकवत मी होते!

मी डॉक्टरकडे जाऊन आले. तरुण पोर आहे, पण बोलतो स्पष्ट. म्हणाला, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. पक्ष्यांचे जातात, बेलचे जातात, बारीक आवाजाच्या बायकांचे जातात. मी म्हटलं, म्हणजे माझ्या बहिणीचा. तुझा आवाज पहिल्यापासून वरच्या पट्टीतला. बाबांना तो ऐकून घ्यायचा नव्हता, मला तो ऐकू येत नव्हता. तुझ्या बाजूनं दोन्हींत फरक काय? कानातलं यंत्र मिळायला अजून वेळ आहे. बेल बिघडलेली नाही. फोनही ठीक आहे.

आता नीट वाच, कारण मी गुळमुळीत लिहिणार नाही. लंगडी गेली याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण बहिरीनं केलं ते बहिरीनं करायचंच होतं. तिच्या सज्ज्यावर अंडी यायची होती आणि लंगडी घारच होती, तू भरवलेली असली तरी. चूक माझ्या कानांची. मुद्दा मात्र माझा अजूनही बरोबर आहे: तुकड्यांमुळे घारी येतात, घारी आल्या की मार खातात. लंगडीसाठी तुला रडू येत असेल तर बाकीच्यांना बोलावू नकोस. पिल्लं आता दोनेक आठवड्यांत उडतील. उडायला शिकणारं पिल्लू कुणालाही चुकवू शकत नाही.

तुझी लेक चहा न पिताच गेली. साखर विसरले होते म्हणे. की चहाच विसरले होते? नीट ऐकू आलं नाही.

ताई


१६ मे

धाकटे,

आज सकाळी तुझ्या गच्चीवर घारी आल्या, फिरल्या, वाट पाहिली आणि गेल्या. तू आली नाहीस. कालही आली नव्हतीस.

मी काही म्हणत नाही. फक्त पाहिलं, हे कळवते.

मोठं पिल्लू सज्ज्यावरून माझ्या खिडकीच्या कट्ट्यापर्यंत उडालं. उडालं म्हणजे घसरलं, पण आत्मविश्वासानं. मी त्याला सांगितलं, सुरुवात अशीच करायची असते.

ताई


२३ मे, सकाळी

धाकटे,

हे पत्र वॉचमनला पळत पोचवायला सांगितलं आहे. वाचता वाचता चप्पल घाल.

मोठी दोन पिल्लं काल उडाली आणि पाण्याच्या टाकीवर सुखरूप बसली आहेत. धाकटं आज उडालं. वारा फिरला, ते भिंतीला थडकलं आणि आपल्या दोघींच्या मधल्या फटीत पडलं. तीच फट, तेच पाइप. मी माझ्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकून पाहिलं. काही दिसत नाही. पाइपांच्या मागं, एखाद्या मजल्याच्या कंगोऱ्यावर ते कुठंतरी आहे.

चेअरमन आले आहेत. माणूस वाईट नाही, शिडी आणि दोर घेऊन आला. पण म्हणतात (आता मी त्यांच्या ओठांकडे बघते, सगळं कळतं), "बाई, ते मेलं असेल. आणि मेलं नसलं तरी कुठल्या मजल्यावर खिडकी फोडायची?" डॉक्टरीणबाई म्हणतात, आवाज येतोय पण सगळीकडून येतोय. पलीकडच्या झाडावर घारींची पिल्लंही ओरडताहेत, वर बहिरी ओरडते आहे, आणि या फटीत प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून फिरतो. कुठला घारीचा, कुठला बहिरीचा, कुठला खरा, कुठला भिंतीचा, कुणालाच सांगता येत नाही.

तुला येतं. लंगडीला तू याच फटीतून, याच गोंगाटातून, नुसत्या कानांनी काढली होतीस. मी तेव्हा तुझ्या शेजारी उभी राहून व्याख्यान देत होते की ते शक्य नाही.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. जिनं तुझी घार मारली तिचं पोर तुझ्याकडून वाचवून मागते आहे. तू त्याचं काही देणं लागत नाहीस. तू नाही आलीस तर मी समजून घेईन, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यावर काही बोलणार नाही. पण तू एकदा एका पिल्लाचं ऐकलं होतंस, ते कुणाचं आहे हे न विचारता. आपल्या दोघींचं कुणी तसं कधी ऐकलं नाही. निदान या फटीत तरी ते घडू दे.

वर दोन घारी आल्या आहेत. तुकड्यांसाठी नाहीत, तुकडे तू थांबवलेस. फटीत काहीतरी पडलंय हे त्यांनी पाहिलं. बहिरी आणि तिचा नर दोघंही वर झुंजताहेत आणि गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकावर झडप घालताहेत. त्यांना घारीचं डोकं आणि माणसाचं डोकं यांत आज फरक दिसत नाही. चेअरमनच्या टकलाला ओरखडा पडला. मी मोठी छत्री घेऊन तुझ्या गच्चीच्या जिन्यात उभी असेन. तुझ्या डोक्यावर ती धरीन. हात दुखले तरी खाली करणार नाही. आणि तोंड बंद ठेवीन, शपथ.

वर ये. कठड्यापाशी उभी राहा, डोळे मीट आणि ऐक. सापडलं की मला हाक मारू नकोस, ती मला ऐकू येणार नाही.

बोट दाखव.

ताई